परवान्याचे प्रश्न : रत्नागिरीतील खाद्यव्यवसायाच्या कायदेशीर नोंदणीचा इतिहास

प्रस्तावना

चैत्र-वैशाखात रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही गावी गेले असता खळ्यात किंवा पडवीलगतच्या उन्हात ताटांतून आंब्याचा रस वाळत घातलेला आढळतो. त्याच सुमारास कोकमाची फळे फोडून सालींना रसाची पुटे देण्याचे व आमसुले वाळविण्याचे काम चालू असते. आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे, आमसूल, आगळ आणि कोकम सरबत हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बेगमीचे म्हणून तयार होत आले आहेत. मुंबईला चाकरीसाठी गेलेल्या माणसांच्या सामानात त्यांची पुडकी हमखास असत. हेच पदार्थ पैसे घेऊन परक्या माणसाला विकले जाऊ लागतात, तेव्हा पदार्थ तोच राहतो व करणारे हातही तेच राहतात. मात्र त्या क्षणापासून करणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने 'व्यावसायिक' ठरते आणि तिच्याकडे परवाना आहे काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

परवाना हा विषय सामान्यतः कारकुनी बाब म्हणून बाजूला ठेवला जातो. हापूसचे उत्पादन, बाजारभाव, वाहतूक व निर्यात यांची चर्चा होते. परंतु प्रक्रिया करणाऱ्याने कोणत्या कचेरीत कोणता अर्ज करावयाचा, याच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, परवाना म्हणजे शासनसंस्थेने अन्न विकणाऱ्याला विचारलेला प्रश्न होय. हा प्रश्न काळानुसार बदलत गेला. प्रथम समाज विचारीत असे, 'अन्न कोणाच्या हातचे?' पुढे नगरपालिकेने विचारले, 'कोठे विकता?' १९५५ नंतर केंद्र शासनाने विचारले, 'पदार्थात काय आहे?' आणि २००६ च्या अधिनियमाने विचारले, 'व्यावसायिक कोण?' या प्रत्येक टप्प्यावर घरच्या चुलीवर पदार्थ करणाऱ्या लहान उत्पादकाचे, विशेषतः स्त्री उत्पादकाचे, स्थान काय राहिले, याचा शोध घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

समाजाचा परवाना

कायद्याचा परवाना येण्यापूर्वी अन्नाच्या व्यवसायाला परवानगी लागत नव्हती असे नाही. ती परवानगी समाज देत असे. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणी रांधलेले अन्न कोणी खावयाचे, कोणी पंक्तीत बसावयाचे व कोणी बाहेर उभे राहून ओंजळीत घ्यावयाचे, हे जातिव्यवस्थेने ठरविलेले होते. खाणावळ किंवा चहाचे दुकान काढणाऱ्यास भांडवलाइतकीच जातीची अनुकूलता आवश्यक होती. हा परवाना कागदावर लिहिलेला नव्हता. पण तो नाकारला गेल्यास व्यवसाय उभाच राहू शकत नसे.

या अलिखित परवान्याला रत्नागिरी शहरातच एक जाहीर आव्हान दिले गेले. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. या काळातील जातिभेदविरोधी चळवळीतून १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या आर्थिक साहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३३ मध्ये शहरात 'अखिल हिंदू उपाहारगृह' सुरू झाले. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांनाही इतरांच्या बरोबरीने बसून चहा-फराळ घेता येत असे. या चळवळीच्या वैचारिक चौकटीविषयी मतभेद आहेत व नावातच तिची मर्यादाही स्पष्ट आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, एखादे उपाहारगृह उघडणे हीच त्या काळी सामाजिक घटना ठरत होती. कारण खाद्यव्यवसायाची खरी अट स्वच्छतेची नव्हती, ती जातीची होती.

जागेचा परवाना

नगरपालिकांच्या स्थापनेनंतर शहरांत दुसऱ्या प्रकारचा परवाना आला. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांच्या ठिकाणी १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमानुसार बाजार, खाटीकखाने, खाद्यविक्रीची ठिकाणे यांचे नियंत्रण करण्याचे अधिकार नगरपालिकांकडे होते. सडलेले अन्न जप्त करून नष्ट करणे, गटारालगतच्या दुकानांना आवर घालणे, बाजाराची जागा नेमून देणे, हे या नियंत्रणाचे स्वरूप होते. प्लेग व पटकी यांच्या साथींनी ग्रासलेल्या त्या काळात नगरपालिकेची दृष्टी मुख्यतः सार्वजनिक आरोग्यावर खिळलेली असणे स्वाभाविक होते. म्हणून तिचा प्रश्न जागेविषयी होता. दुकान कोठे आहे, सांडपाणी कोठे जाते, शेजाऱ्यास उपद्रव होतो काय, एवढे पाहिले जाई.

पदार्थातील भेसळीसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७२ व २७३ यांनी आरोग्यास अपायकारक भेसळ व तशा अन्नाची विक्री हे गुन्हे ठरविले. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेतील कलम २७४ व २७५ यांनी घेतली आहे. मुंबई प्रांताने १९२५ मध्ये भेसळ प्रतिबंधाचा स्वतंत्र अधिनियमही केला. तथापि या कायद्यांचा रोख प्रामुख्याने दूध, तूप, पीठ अशा शहरी बाजारातील वस्तूंकडे होता. खेड्यातील घरात तयार होऊन पुडक्यातून मुंबईस जाणारी आंबापोळी या नियंत्रणाच्या परिघाबाहेरच राहिली. तिला जागेचा परवाना लागत नव्हता, कारण तिला दुकानच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर जागेच्या नियंत्रणात भर पडत गेली. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकाने व उपाहारगृहे यांची नोंदणी, कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी यांचे नियम घातले. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाखाली खाद्यगृहांच्या नोंदणीचे नियम करण्याची तरतूद झाली. विजेच्या साहाय्याने दहा किंवा विजेशिवाय वीस कामगार काम करीत असल्यास १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होई. अन्नाचा व्यवसाय एकच असला तरी त्याच्याकडे दुकान म्हणून, खाद्यगृह म्हणून व कारखाना म्हणून पाहणारी खाती वेगवेगळी होती.

१९५५ : तीन कायदे, एक वर्ष

या इतिहासात १९५५ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम १ जून १९५५ रोजी अमलात आला. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, १९५५ हाही त्याच दिवशी, म्हणजे १ जून १९५५ रोजी, अमलात आला. आणि याच वर्षी अत्यावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ३ खाली फळ उत्पादने आदेश काढण्यात आला. हे तीन कायदे सहसा एकत्र वाचले जात नाहीत. खाद्यव्यवसायाच्या इतिहासात मात्र ते एकत्रच वाचावयास हवेत.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेशाबाबतचा भेदभाव नाकारला होता आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक अधिनियमाने त्यास शिक्षेचे बळ दिले. त्यातील कलम ८ येथे लक्षात घेण्याजोगे आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार दिल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीकडे त्या व्यवसायाचा परवाना असेल, तर तो रद्द किंवा निलंबित करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हाच अधिनियम नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. एकेकाळी समाज जातीच्या आधारे परवाना देत होता. आता जातीच्या आधारे नकार देणाऱ्याचा परवाना काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. परवाना हा केवळ आरोग्याचा नसून नागरी समतेचाही दस्तऐवज आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. प्रत्यक्षात या कलमाची आठवण खाद्यव्यवसायाच्या प्रशिक्षणात क्वचितच करून दिली जाते.

अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाने प्रश्न जागेवरून पदार्थाकडे नेला. भेसळ हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत असल्याने संपूर्ण देशासाठी एकच कायदा करता आला. प्रत्येक पदार्थाची मानके ठरली, अन्न निरीक्षकाने नमुना घ्यावयाचा, सार्वजनिक विश्लेषकाने अहवाल द्यावयाचा आणि नमुना मानकात न बसल्यास खटला भरावयाचा, अशी यंत्रणा उभी राहिली. १९७६ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने कारावास ठरला. लहान विक्रेत्याच्या मनात अन्न निरीक्षकाविषयी जी भीती बसली, तिचे मूळ या किमान शिक्षेत आहे. हेतुपुरस्सर विष मिसळणारा व अज्ञानाने चुकीचा रंग वापरणारा यांतील फरक व्यवहारात पुसट झाला.

फळ उत्पादने आदेश आणि रत्नागिरीचा उत्पादक

रत्नागिरीच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक ठरला तो फळ उत्पादने आदेश. बाटलीवरील वा डब्यावरील 'एफपीओ' हे चिन्ह अनेकांच्या स्मरणात असेल. जॅम, स्क्वॅश, सरबत, लोणचे, मुरांबा, डबाबंद रस अशा सर्व फळ उत्पादनांसाठी या आदेशाखाली परवाना अनिवार्य होता व परवान्याचा क्रमांक वेष्टनावर छापणे बंधनकारक होते. अत्यावश्यक वस्तू अधिनियम हा मूलतः टंचाई, साठेबाजी व पुरवठा यांचा कायदा. त्याच्या आधारे मुरांब्याची गुणवत्ता ठरविली जावी, हे आज वेगळे वाटते; परंतु नियंत्रित अर्थव्यवस्थेत गुणवत्ता व पुरवठा हे एकाच शासकीय दृष्टीचे दोन भाग मानले जात होते.

आदेशाने पदार्थाची व्याख्या आकड्यांत केली. स्क्वॅशमध्ये फळाचा रस किमान २५ टक्के, जॅममध्ये फळाचा अंश किमान ४५ टक्के व एकूण विद्राव्य घनपदार्थ ६८ टक्के, स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत कमाल ३५० भाग, अशी ती मानके होती. 'आजीच्या हातची चव' आणि 'मानक' यांची ही पहिली गाठ होती. घरच्या पन्ह्यात वा सरबतात प्रमाण अंदाजाने पडते, ऋतूनुसार व फळाच्या गोडीनुसार बदलते. आदेशानुसार ते दर खेपेस मोजता आले पाहिजे. यात ग्राहकाचे हित होते हे निःसंशय. फळाच्या रसाऐवजी रंग व अर्क घालून तयार केलेल्या पेयापासून खऱ्या सरबताला संरक्षण मिळण्याचा मार्गही हाच होता.

जागेसंबंधीच्या अटीही तपशीलवार होत्या. फरशी पक्की हवी, उजेड व वायुवीजन पुरेसे हवे, दारे-खिडक्यांना माशा रोखणारी जाळी हवी, उघड्या चुलीवर शिजविले जात असेल तर धूर जाण्याची सोय हवी, पाणी पिण्यायोग्य हवे व अधिकाऱ्याने मागणी केल्यास त्याची तपासणी करून घेतली पाहिजे. उत्पादनाच्या प्रमाणानुसार मोठा उद्योग, लघुउद्योग, कुटीरोद्योग व गृहोद्योग असे स्तर मानलेले होते. म्हणजे आदेशाला घरगुती उत्पादक अगदीच अपरिचित होता असे म्हणता येणार नाही. पण त्याच्या कल्पनेतील घर हे लहान कारखान्यासारखे होते. कोकणातील चिऱ्याचे घर, शेणाने सारवलेले खळे, मांगरातील चूल व उन्हातील ताटे यांना त्यात स्थान नव्हते. सूर्यप्रकाशात वाळविणे ही आंबापोळी व आमसूल यांची मूळ प्रक्रियाच आहे. माशांपासून व धुळीपासून बंदिस्त जागा ही आदेशाची अपेक्षा होती. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी वाळवणीचे यंत्र घ्यावे लागे, त्यासाठी भांडवल लागे, भांडवलासाठी बँक लागे आणि बँकेसाठी पुन्हा परवाना लागे.

पाण्याची अट कोकणात विशेष जाचक होती. जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु जांभ्याच्या जमिनीतून पाणी झिरपून जाते आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमक्या आंब्याच्या हंगामात, अनेक गावांच्या विहिरी तळ गाठतात. प्रक्रियेचा काळ व पाणीटंचाईचा काळ एकच असतो. जून उजाडला की पाऊस सुरू होतो आणि उन्हातील वाळवण संपते. संपूर्ण वर्षाचा धंदा जेमतेम अडीच-तीन महिन्यांत उरकावयाचा व परवान्याचे नूतनीकरण मात्र दर वर्षी करावयाचे, अशी स्थिती होती.

याशिवाय अंतराचा प्रश्न होता. फळ उत्पादने आदेशाची अंमलबजावणी केंद्र शासनाकडे होती व पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईत होते. कोकण रेल्वे येईपर्यंत रत्नागिरीला रेल्वे नव्हती. अर्ज, नकाशा, पाण्याचा अहवाल घेऊन मुंबई गाठावयाची म्हणजे घाटवळणाचा रात्रभराचा प्रवास. या एका परवान्याने काम भागत नव्हते. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखालील परवाना वेगळा, दुकाने व आस्थापना नोंदणी वेगळी, १९७७ च्या आवेष्टित वस्तू नियमांखालील नोंदणी व वेष्टनावरील वजन-किमतीचा मजकूर वेगळा, लघुउद्योग म्हणून जिल्हा उद्योग केंद्रातील नोंदणी वेगळी आणि शेतजमिनीवर शेड बांधावयाची असल्यास १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार अकृषिक वापराची परवानगी वेगळी.

याचा परिणाम काय झाला, हे 'कॅनिंग' या शब्दाच्या कोकणी व्यवहारातील अर्थावरून समजते. बागायतदार 'आंबा कॅनिंगला घातला' असे म्हणतो, तेव्हा पेटीच्या भावाला न उतरलेले, हंगामाच्या अखेरचे फळ किलोच्या दराने प्रक्रिया कारखान्यास दिले, असा त्याचा अर्थ असतो. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली व कोकणातील आंबा-काजूखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. फळ वाढले, प्रक्रियेचा परवाना मात्र भांडवल असलेल्यांच्याच आवाक्यात राहिला. मूल्यवर्धनाचा लाभ कोणाला मिळाला, हे ठरविण्यात बाजाराइतकाच परवान्याचाही वाटा होता. ज्या घराला परवाना परवडत नव्हता, त्या घराने फळ विकले. ज्याला परवडला, त्याने रस विकला. मधल्या जागेत आंबापोळी व कोकम विकणारे असंख्य हात राहिले. ते विकत होते, पण नोंदीत नव्हते.

२००६ : व्यावसायिकाची नोंद

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ ने ही विखुरलेली रचना एका छत्राखाली आणली. अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, फळ उत्पादने आदेश, मांस, दूध व खाद्यतेलविषयक आदेश या सर्वांची जागा या एका कायद्याने घेतली. परवाना व नोंदणीचे विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. जुने परवाने नव्या व्यवस्थेत आणण्याची मुदत वारंवार वाढवावी लागली, यावरून या स्थित्यंतराची व्याप्ती कळते.

या अधिनियमातील दोन तरतुदी आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत. पहिली कलम १८(३) मधील आहे. शेतकरी, मच्छीमार व शेतीची कामे यांना अधिनियमाच्या तरतुदींतून वगळण्यात आले. म्हणजे आपल्या बागेतील हापूस विकणारा बागायतदार कायद्याबाहेर आहे. तोच आंबा फोडून त्याचा रस काढला, आटवला, वाळवला की तो 'अन्न व्यावसायिक' होतो. शेती व उद्योग यांच्यातील सीमारेषा आता सातबाऱ्यावर नाही, ती घराच्या चुलीपाशी आली आहे.

दुसरी तरतूद कलम ३१(२) ची. स्वतः पदार्थ तयार करणारा वा विकणारा लहान उत्पादक, किरकोळ विक्रेता, फेरीवाला, तात्पुरता गाळा लावणारा, कुटीरोद्योग यांना परवान्याऐवजी केवळ नोंदणीची मुभा देण्यात आली. २०११ च्या विनियमांनी अशा लहान व्यावसायिकाची मर्यादा वार्षिक १२ लाख रुपये उलाढाल अशी घातली व नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. नमुना 'अ' मधील अर्ज, ओळखपत्र व छायाचित्र यांवर नोंदणीची प्रक्रिया सुरू होऊ शकत होती. त्यांच्यासाठी स्वच्छतेच्या अटीही वेगळ्या, सोप्या भागात दिल्या गेल्या. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांकडे आले. मुंबईच्या कार्यालयाचा हेलपाटा चुकला. २०२० पासून अर्जाची केंद्रीय संगणकीय प्रणालीही बदलून नवी करण्यात आली.

यातील बदल केवळ सोयीचा नाही. फळ उत्पादने आदेशाखाली परवाना कारखान्याला मिळत असे व पदार्थांवरून त्याची ओळख ठरत असे. नव्या अधिनियमाने चौदा अंकी क्रमांक दिला तो व्यावसायिकाला. खळ्यात आंबापोळी घालणाऱ्या बाईचे नाव प्रथमच देशाच्या अन्नविषयक नोंदीत येऊ शकले, आणि तेही कारखानदार म्हणून नव्हे, तर 'स्वतः तयार करणारी' म्हणून. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली होती. बचत गटांची चळवळ पुढे खेडोपाडी पोहोचली होती. परंतु गटाचा माल प्रदर्शनातील गाळ्यावर विकणे व दुकानाच्या फळीवर कायदेशीरपणे ठेवणे यांत जे अंतर होते, ते या नोंदणीने कमी केले. २०२० मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तीत 'एक जिल्हा एक उत्पादन' या धोरणाखाली रत्नागिरीसाठी आंबा निवडला गेला व पात्र प्रकल्पांना खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. नोंदीबाहेरच्या उद्योगांना नोंदीत आणणे हा या योजनेचा जाहीर हेतू होता.

नोंद कोणाच्या नावे?

येथपर्यंतचा इतिहास प्रगतीचा वाटतो व बऱ्याच अंशी तो तसा आहे. तथापि एक प्रश्न सुटलेला नाही. नोंदणीपलीकडे जाऊन उत्पादन वाढवावयाचे, परवाना काढावयाचा, व्यावसायिक वीजजोडणी घ्यावयाची वा बँकेचे कर्ज मागावयाचे म्हटले की जागेच्या ताब्याचा पुरावा द्यावा लागतो. कोकणात घर व परडे ही बहुधा सामायिक मिळकत असते. घरपत्रकावर आजोबांचे किंवा चुलत्यांचे नाव, सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदार आणि त्यांतील बरेचसे मुंबई-ठाण्यास, अशी परिस्थिती घरोघरी दिसते. घरात राहून प्रत्यक्ष काम करणारी सून कागदावर कोठेच नसते. संमतिपत्रासाठी हिस्सेदारांच्या सह्या मिळविणे हे काम गणपतीत किंवा शिमग्यात सारे गावी जमतील तेव्हाच होऊ शकते; आणि सही म्हणजे हिस्सा सोडणे, या धास्तीने ते पुष्कळदा होतच नाही.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. परंतु आंबापोळी करणारी स्त्री बहुधा त्या घरची मुलगी नसते, सून असते. तिचा माहेरचा हक्क तिच्या सासरच्या चुलीला उपयोगी पडत नाही. म्हणजे अन्नाच्या कायद्याने तिला 'व्यावसायिक' म्हटले, मिळकतीच्या व्यवहाराने मात्र तिला परकी ठेवले. यामुळे पुढच्या टप्प्यावर नोंद पतीच्या किंवा दिराच्या नावे होण्याचा मार्ग मोकळा राहतो. श्रम एकाचे व क्रमांक दुसऱ्याचा, ही स्थिती अन्न सुरक्षेच्या दृष्टीनेही योग्य नाही. कारण जबाबदारी त्या व्यक्तीवर येते जिने पदार्थ केलेला नाही.

नोंदणीची सुलभता हीच मर्यादाही ठरू शकते. नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे पदार्थ प्रमाणित झाला, असा समज ग्राहकात व उत्पादकातही आढळतो. वस्तुतः क्रमांक एवढेच सांगतो की ही व्यक्ती शासनाला ठाऊक आहे व ती उत्तरदायी आहे. पाण्याची तपासणी, भांड्यांची स्वच्छता, वाळवणावरील जाळी, वेष्टनावरील तारीख ही रोजची कामे त्यानंतर सुरू होतात.

स्थाननामाची नवी नोंद

गेल्या काही वर्षांत आणखी एक नोंदवही उघडली आहे. १९९९ चा भौगोलिक निर्देशन अधिनियम २००३ पासून अमलात आला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूस आंब्याला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांसाठी असे निर्देशन मिळाले. मात्र हे नाव वापरण्याचा हक्क या कायद्याखाली बजावण्यासाठी उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. समाजाने विचारलेल्या 'कोणाच्या हातचे?' या प्रश्नाच्या जागी आता 'कोणत्या मातीचे?' हा प्रश्न आला आहे. हातावरून माणूस वगळला जात होता. मातीवरून परप्रांतीय फळाची नक्कल वगळली जाते. हा फरक मोठा आहे. तरी येथेही कागदाचा प्रश्न तोच आहे. बाग कोणाच्या नावे आहे, त्यावर अधिकृत वापरकर्ता ठरतो आणि कराराने बाग घेऊन फवारणीपासून काढणीपर्यंत राबणारा अनेकदा नोंदीबाहेर राहतो.

समारोप

रत्नागिरीच्या उदाहरणावरून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला, खाद्यव्यवसायाचा परवाना हा केवळ तांत्रिक दस्तऐवज नसून त्या त्या काळातील शासन व समाज कोणत्या गोष्टीस महत्त्व देत होते, याचा पुरावा आहे. दुसरा, १९५५ च्या व्यवस्थेने ग्राहकाचे हित साधले. परंतु अंतर, भांडवल व जागेच्या अटी यांमुळे मूल्यवर्धनाचा लाभ मूठभरांकडे वळला. २००६ च्या अधिनियमाने लहान उत्पादकाला कायद्यात नाव दिले, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय. तिसरा, अन्नाचा कायदा सोपा झाला तरी मिळकतीचा कागद जोवर राबणाऱ्या व्यक्तीला ओळखत नाही, तोवर ही नोंद पहिल्या पायरीवरच थांबण्याचा धोका आहे. सामायिक घरातील स्वयंपाकघर वा पडवी ठरावीक मुदतीसाठी व्यवसायास वापरू देण्याचे, हिश्श्यावर कोणताही परिणाम न करणारे, साधे व प्रमाणित संमतिपत्र उपलब्ध झाल्यास अनेक घरांची अडचण दूर होईल.

महाविद्यालयांच्या दृष्टीने एक काम तातडीचे आहे. फळ उत्पादने आदेश गेला. त्याखालील परवाने, तपासणीचे शेरे, जुनी वेष्टने, बाटल्यांवरील चिठ्ठ्या, पाण्याचे अहवाल, नगरपालिकेच्या पावत्या घराघरांतील ट्रंकांत पडून आहेत व दर पावसाळ्यात कसरीच्या भक्ष्यस्थानी जात आहेत. इतिहास, वाणिज्य व गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन हंगामाबाहेरच्या महिन्यांत विद्यार्थ्यांकरवी हे कागद जमविले व त्यांमागील माणसांच्या मुलाखती नोंदविल्या, तर कोकणातील स्त्रियांच्या श्रमाचा एक अलिखित अध्याय उभा राहू शकेल. ज्यांची नावे परवान्यावर आली नाहीत, त्यांची नोंद निदान इतिहासात तरी झाली पाहिजे.